टिकणारा आनंद कुणाच्या वाट्याला?

१८०२ सालच्या वसंतात, इंग्लंडच्या उत्तरेकडल्या सरोवरांच्या मुलखात, तीन आठवड्यांच्या आत तीन गोष्टी घडल्या. २७ मार्चला कवी विल्यम वर्ड्सवर्थने एक मोठी कविता लिहायला घेतली. लहानपणी साऱ्या सृष्टीवर दिसणारे तेज आता दिसत नाही, ते गेले कुठे, असे तो तिच्यात विचारतो. ४ एप्रिलला त्याचा मित्र सॅम्युअल टेलर कोलरिज याने एक लांबलचक पद्यपत्र लिहिले. संध्याकाळचे आकाश, चंद्राची कोर, तारे सगळे समोर आहे, ते किती सुंदर आहे हे मला दिसते, पण जाणवत नाही, अशी त्यातली कबुली आहे. आणि १५ एप्रिलला वर्ड्सवर्थ व त्याची बहीण डोरोथी अल्सवॉटर सरोवराच्या काठाने घरी परतत असताना त्यांना पाण्याच्या कडेने डॅफोडिलच्या पिवळ्या फुलांचा लांबच लांब पट्टा दिसला.

डॅफोडिलची कविता आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजीच्या तासाला शिकवली गेली. फुले पाहिली, आनंद झाला, पुढे एकांतात ती आठवली, पुन्हा आनंद झाला. परीक्षेपुरता एवढाच अर्थ पदरात पडतो. सुंदर अनुभव टिकतो हा त्या कवींचा विश्वास म्हणूनच भाबडा वाटतो. पण ज्या दिवसांत ही फुले दिसली त्याच दिवसांत दोन्ही मित्र सौंदर्याचा आनंद ओसरत चालल्याची तक्रार मांडत होते, ही गोष्ट नजरेआड केली तर कवितेचे वजन कळत नाही. आनंद निसटतो हे या माणसांना आपल्याइतकेच ठाऊक होते. मग काही आनंद टिकतात ते कशाच्या जोरावर, हा त्यांचा खरा प्रश्न होता. माझ्या मते त्याचे उत्तर कवीच्या अंतर्मनापाशी संपत नाही. ते जमिनीच्या मालकीपर्यंत, सुट्टीच्या हक्कापर्यंत आणि गावाबाहेरच्या टेकडीपर्यंत जाऊन पोचते.

आधी त्या फुलांपाशी थोडे थांबू. ‘मी एकटाच भटकत होतो’ असे कविता म्हणते. प्रत्यक्षात डोरोथी बरोबर होती आणि तिने त्या दिवसाची नोंद ठेवली. तिच्या डायरीत वारा इतका सोसाट्याचा आहे की दोघांना परत फिरावेसे वाटले होते. आधी पाण्याजवळ चारदोन फुले दिसतात, मग जास्त, मग झाडांखाली गावरस्त्याएवढ्या रुंदीचा पट्टा. शेवाळलेल्या दगडांमधून ती उगवली आहेत. काही फुलांनी थकून उशीवर टेकावे तशी दगडांवर मान टेकली आहे, बाकीची डोलताहेत, नाचताहेत, सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर हसताहेत. वर्ड्सवर्थने कविता लिहिली ती सुमारे दोन वर्षांनी. ती १८०७ मध्ये छापली गेली आणि १८१५ मध्ये एक कडवे वाढवून पुन्हा छापली गेली. डायरीतले नाचणे कवितेत आले, हसण्याचा आनंद आला. दगडावर मान टेकलेली थकलेली फुले मात्र गळली. आठवण निवड करते ती अशी. आणि कवितेतल्या ज्या दोन ओळींवर सगळा भार आहे, एकांताचे सुख असलेल्या अंतःचक्षूवर ती फुले चमकून जातात या ओळी, त्या वर्ड्सवर्थची पत्नी मेरी हिच्या आहेत. तसे त्यानेच सांगून ठेवले आहे.

म्हणजे एकांतातल्या आनंदाची जगातली बहुधा सर्वांत प्रसिद्ध कविता तीन माणसांनी मिळून घडवली. यात वर्ड्सवर्थला कमीपणा येतो असे मला वाटत नाही. उलट टिकणाऱ्या आनंदाविषयी यातून मोठी गोष्ट कळते. त्या क्षणी काय मिळाले हे कवीला उमगलेच नव्हते. पाहत राहिलो, पण या दृश्याने मला केवढी संपत्ती दिली याचा विचार केला नाही, असे तो स्वतःच म्हणतो. क्षणाचा ठेवा व्हायला नंतर कुणाशी तरी ते बोलावे लागले, कुणीतरी शब्दात मांडलेले वाचावे लागले, दोन वर्षे जावी लागली. आज फुलांच्या पठारावर किंवा धबधब्याखाली जे चालते त्याविषयी कुरकूर करताना आपण सगळा दोष मोबाइलच्या कॅमेऱ्याला देतो. मला तो पटत नाही. डोरोथीची डायरी ही सुद्धा नोंदच होती. फरक एवढाच की ती नोंद करण्यासाठी प्रत्येक फूल काय करते आहे हे तिला पाहावे लागले. असे पाहायला जो वेळ लागतो तो ज्याच्याजवळ नाही, त्याचा कॅमेरा काढून घेतला तरी त्याला काही गवसणार नाही.

कोलरिजचे दुखणे याहून खोल होते. आपण देतो तेवढेच निसर्गाकडून आपल्याला मिळते, असे त्याने त्या पद्यपत्रात लिहिले. तेव्हा तो आजारी होता, अफूच्या आहारी गेला होता, संसारात दुःखी होता. मन मिटले असेल तर आकाश कितीही रंगले तरी आत काही उतरत नाही. निसर्ग हे सर्व दुःखांवरचे औषध आहे असे सांगणाऱ्यांनी ही कविता जरूर वाचावी. कर्जाने, आजाराने, अपमानाने पिचलेल्या माणसाला ‘जरा डोंगरावर जाऊन ये’ असे सांगणे बरेचदा क्रूरपणाचे असते.

तरीही आठवण काही माणसांना खरोखर तगवते, याचा मला माहीत असलेला सर्वांत बळकट पुरावा डोरोथीचाच आहे. जुलै १७९८ मध्ये वर्ड्सवर्थने वाय नदीच्या काठची, टिंटर्न मठाच्या परिसरातली कविता लिहिली. पाच वर्षांपूर्वी तो तिथे आला होता. मधल्या काळात शहराच्या कोलाहलात, एकाकी खोल्यांमध्ये, थकल्या तासांत याच दृश्याने आपल्याला विसावा दिला असे तो म्हणतो, आणि आताच्या या क्षणातही पुढल्या वर्षांची शिदोरी आहे असा भरवसा धरतो. कवितेच्या शेवटी तो शेजारी उभ्या असलेल्या बहिणीकडे वळतो. पुढे कधी एकटेपण, भीती, दुखणे तुझ्या वाट्याला आले तर हे सारे आठवून तुला बरे वाटेल, असे तिला सांगतो. कवी अशी आश्वासने देत असतातच. पण हे आश्वासन कसोटीला लागले. डोरोथी पुढे वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळली, तिचे मनही हळूहळू ढासळत गेले. १८३२ मध्ये, आजारपणातच तिने एक छोटी कविता लिहिली. या एकाकी खोलीत मी कैदी नाही, वाय नदीचे हिरवे काठ मला दिसले, भावा, तुझे भविष्यवाणीसारखे शब्द आठवले, अशा अर्थाचे तिच्यात आहे. चौतीस वर्षांनंतर, आजाऱ्याच्या खोलीतून, जिला उद्देशून वचन दिले होते तिनेच त्याची पोच दिली. टीकाकारांचा शंभर पानी प्रबंधही मला या चार ओळींइतका पटवू शकत नाही.

या कवितेने तिथली खरी माणसे वगळली, हे टीकाकारांचे म्हणणेही खोटे नाही. वायच्या खोऱ्यात तेव्हा लोखंडाचे कारखाने होते, मठाच्या पडक्या भिंतींत भिकारी राहत. विल्यम गिल्पिनच्या १७८२ मधल्या प्रवासवर्णनात त्या दीनवाण्या माणसांचा उल्लेख आहे. वर्ड्सवर्थच्या कवितेत मात्र झाडांमधून वर चढणारा धूर आहे आणि तो कुणा भटक्यांचा किंवा संन्याशाचा असावा एवढाच अंदाज आहे. थकलेली फुले गळली तशी इथे माणसेही गळली. सौंदर्याच्या आठवणीने आपल्या हातून लहानसहान, नावही न उरणारी दयेची कृत्ये घडतात असा दावा याच कवितेत आहे. तो खरा मानायचा तर त्या धुराखाली राहणाऱ्यांपर्यंत ही दया पोचते का, हे विचारायलाच हवे.

याच काळातला तरुण कवी जॉन कीट्स याचे नाव या विषयात टाळता येत नाही. सुंदर वस्तू हा चिरंतन आनंद असतो, या त्याच्या १८१८ मधल्या ओळीने त्याच्यावर अन्यायच केला, कारण ती शुभेच्छापत्रांवर जाऊन बसली. त्याच परिच्छेदात पुढे नैराश्य आहे, माणुसकीचा दुष्काळ आहे, झाकोळलेले दिवस आहेत, आणि हे सगळे असूनही सौंदर्याचा एखादा आकार मनावरचे प्रेतवस्त्र दूर सारतो असे तो म्हणतो. हे लिहिणारा तरुण रुग्णालयात शस्त्रवैद्यकीचे शिक्षण घेऊन आला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचा धाकटा भाऊ टॉम क्षयाने गेला आणि १८२१ च्या फेब्रुवारीत पंचविसाव्या वर्षी रोममध्ये तो स्वतःही क्षयानेच गेला. चिरंतन हा शब्द त्याने स्वस्तात वापरलेला नाही.

आता सार्वजनिक प्रश्नाकडे येतो. १८४४ मध्ये केंडलहून विंडरमिअरपर्यंत रेल्वे आणण्याची योजना पुढे आली. वर्ड्सवर्थ तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा राजकवी होता. त्याने एक सुनीत लिहिले आणि ‘मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्राला पत्रे लिहून कडाडून विरोध केला. लँकेशायरच्या गिरण्यांमधले कामगार सुट्टीच्या दिवशी घाऊक संख्येने आणून ओतले जातील, सरोवरांच्या काठी कुस्त्या, शर्यती, दारूची दुकाने येतील, अशी त्याची भीती होती. अर्धशिक्षित वर्गांना सरोवरांच्या क्वचित भेटींतून फारसा लाभ व्हायचा नाही, असे त्याचे म्हणणे होते. निसर्गसौंदर्याची आवड जन्मजात नसते, ती हळूहळू घडवावी लागते. तेव्हा कामगारांनी बायकामुलांसह आपल्या शहराजवळच्या शेतांमधून फेरफटके मारावेत, असा सल्लाही त्याने दिला. याच माणसाने आपल्या सरोवर-मार्गदर्शिकेत लिहिले होते की हा प्रदेश एक प्रकारे राष्ट्रीय मालमत्ता आहे आणि ज्याला पाहायला डोळे व आनंद घ्यायला हृदय आहे अशा प्रत्येकाचा तिच्यावर हक्क आहे.

या पत्रांचा राग येतो, आणि यावाच. डोळे आणि हृदय गिरणीकामगाराकडे नसतात हे त्याने कसे ठरवले? ज्याने तरुणपणी शेतमजूर, भिकारी, वेडी आई यांना इंग्रजी कवितेत मानाने बसवले, त्यानेच म्हातारपणी त्यांच्यासाठी दार ओढून घ्यावे हे क्लेशकारक आहे. खुणा आधीपासून होत्या. १८१८ च्या उन्हाळ्यात कीट्स मोठ्या आदराने त्याला भेटायला गेला, तेव्हा वर्ड्सवर्थ घरी नव्हता. तिथल्या बड्या जमीनदार लोदर घराण्याच्या निवडणूक प्रचारात तो गुंतला होता. कीट्स खट्टू होऊन परतला.

पण राग बाजूला ठेवून पाहिले तर त्या पत्रांत एक निरीक्षण खरे आहे, आणि ते आपण गमावू नये. क्वचित भेटीतून फार काही मिळत नाही. सौंदर्याचा ठेवा ओळखीतून होतो, आणि ओळख वारंवार जाण्यातून होते. अल्सवॉटरचा काठ डोरोथीच्या पायाखालचा होता. वर्ड्सवर्थच्या चुकीचा उगम वेगळा आहे: क्वचित भेटीने भागत नाही हे कळल्यावर वारंवार भेटता येईल अशी सोय मागण्याऐवजी त्याने भेटच नाकारली.

डोंगर-सरोवरांचीच गरज आहे का, असा प्रश्न त्याच्या मित्रानेच चार दशकांपूर्वी केला होता. चार्ल्स लँब हा लंडनमधला कारकून. जानेवारी १८०१ मध्ये वर्ड्सवर्थच्या आमंत्रणाला उत्तर देताना त्याने लिहिले की आयुष्यात एकही डोंगर पाहायला मिळाला नाही तरी माझे काही अडत नाही. त्याला दिव्यांनी उजळलेली दुकाने हवी होती, रस्त्यांवरची गर्दी हवी होती. जन्मलेली खोली, जन्मभर डोळ्यांसमोर असलेले लाकडी सामान, इमानी कुत्र्यासारखे मागोमाग आलेले पुस्तकांचे कपाट यांवर त्याचा जीव होता. हे पत्र निसर्गकवितेच्या विरोधात दाखवले जाते. मला ते वर्ड्सवर्थच्याच बाजूचे वाटते. लँबचा आनंदही जवळच्या, रोजच्या, पुन्हापुन्हा पाहिलेल्या गोष्टींवरच टिकला होता.

मग जवळची शेते, ज्यांत कामगारांनी फिरावे असे राजकवी सांगत होता, ती कुणाची उरली होती? याचे उत्तर जॉन क्लेअर देतो. तो नॉर्दम्प्टनशायरमधल्या हेल्पस्टन गावचा शेतमजूर, जन्म १७९३. १८०९ मध्ये, तो पंधरा-सोळा वर्षांचा असताना, त्याच्या परिसरातली सामाईक कुरणे कुंपणात घालण्याचा कायदा झाला. आपल्या भाषेत सांगायचे तर गायरान गेले. जिथे तो गुरे राखत, पक्ष्यांची घरटी शोधत वाढला ते माळ खासगी झाले, वाटा अडल्या, ‘इथून रस्ता नाही’ अशा पाट्या लागल्या. पोटासाठी क्लेअरला कुंपणे घालण्याच्या मजुरीवरही जावे लागले. त्याच्या कवितेत प्रत्येक झुडपाला, ओढ्याला, जुन्या ओकला नाव आहे, आणि ते सगळे सपाट करणाऱ्या कुंपण-कायद्याला तो नेपोलियनची उपमा देतो. आठवणीची क्लेअरकडे कमतरता नव्हती. वर्ड्सवर्थपेक्षा त्याच्याकडे ती अधिक होती, कारण कोणता पक्षी किती आणि कोणत्या रंगाची अंडी घालतो तेही त्याला पाठ होते. पण ज्या जागेची आठवण काढायची ती जागाच मोडली गेली, म्हणून त्याची आठवण शिदोरी झाली नाही, जखम झाली. आयुष्याची शेवटची वीस-बावीस वर्षे त्याने वेड्यांच्या इस्पितळात काढली आणि १८६४ मध्ये तिथेच तो गेला. त्याच्या वेडाचे सगळे कारण कुंपणात शोधणे बरोबर नाही. पण अंतःचक्षूचे सुख बाहेरच्या जमिनीवर किती अवलंबून असते हे त्याच्याइतके स्पष्ट कुणी लिहिले नाही.

या कवितांचा पूर्ण अर्थ ज्याने लावला तो कवी नव्हताच. इंग्रज तत्त्वज्ञ व अर्थशास्त्रज्ञ जॉन स्टुअर्ट मिलला लहानपणापासून केवळ तर्कावर वाढवले होते. १८२६ मध्ये, विशीत, त्याचे मन कोसळले. ज्या सुधारणांसाठी झटायचे त्या सगळ्या आज झाल्या तरी आपल्याला आनंद होणार नाही असे त्याला दिसले. १८२८ च्या शरद ऋतूत त्याने वर्ड्सवर्थ वाचला. आत्मचरित्रात तो लिहितो की या कविता माझ्या मनःस्थितीवर औषध ठरल्या, कारण त्यांत केवळ देखावे नव्हते, सौंदर्याने चेतवलेल्या भावना होत्या. पुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची: हा आनंद सर्व माणसांना वाटून घेता येण्यासारखा आहे, त्यासाठी कुणाशी झुंजावे लागत नाही आणि त्याने माणसांच्या सामाईक सुखदुःखातला रस वाढतो, असे त्याला आढळले. १८४८ मध्ये अर्थशास्त्रावरच्या ग्रंथात त्याने लिहिले की प्रत्येक गुंठा नांगराखाली आणलेल्या, आपोआप उगवलेल्या रानाला जागाच न ठेवणाऱ्या जगाकडे पाहून समाधान वाटणार नाही. पुढे १८६५ मध्ये लंडनभोवतालची सामाईक राने वाचवण्यासाठी जी संस्था निघाली तिच्या पहिल्या सभासदांत मिल होता. तिचे वकील रॉबर्ट हंटर यांनीच ऑक्टाव्हिया हिल आणि सरोवर-मुलखातले धर्मगुरू हार्डविक रॉन्स्ली यांच्यासह १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट उभा केला. वैयक्तिक दुःखातून कविता, कवितेतून अर्थशास्त्र, अर्थशास्त्रातून रानांचा खटला: हा प्रवास मला कुठल्याही रसग्रहणापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

आणि गिरणीकामगार? रेल्वे १८४७ मध्ये विंडरमिअरला पोचली आणि ते आलेच. पुढे २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातले काहीशे तरुण, बहुतेक कामगार, किंडर स्काउट या डोंगरावर मालकांची मनाई मोडून चढले. शिकारीसाठी राखलेल्या त्या पठारावर पायी फिरण्याचा हक्क त्यांना हवा होता. त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. अशा लढ्यांच्या रेट्यातून १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातल्या प्रवेशाचा कायदा झाला, आणि १९५१ मध्ये वर्ड्सवर्थचा मुलूख राष्ट्रीय उद्यान झाला. ज्यांच्याजवळ डोळे आणि हृदय नाही असे त्याने धरले होते त्यांच्याच नातवंडा-पणतवंडांनी त्याचे राष्ट्रीय मालमत्तेचे वाक्य खरे करायला हातभार लावला.

मराठी वाचकाला हे परके नाही. इंग्रजी शाळेतून ही कविता आपल्याकडे आली आणि केशवसुतांच्या पिढीने ती आपल्या मातीत लावून पाहिली. कोकणातल्या मालगुंडचे केशवसुत नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याशी बोलतात तेव्हा त्यांना कोकणच आठवते. ओळखीच्या भूमीवरून आलेला वारा दूर देशीही माणसाला धरून ठेवतो. पुढे आपण ‘निसर्गकवी’ हा शब्द तयार केला, पाठ्यपुस्तकात धडा नेमला आणि प्रकरण तिथे मिटवले. आज शहरातल्या टेकडीवरून रस्ता न्यायचा की नाही, गायरान कुणाला द्यायचे, नदीचा काठ काँक्रीटने बांधायचा का, असे वाद होतात तेव्हा भूजल, हवा, जैवविविधता यांचे आकडे मांडले जातात. ते मांडलेच पाहिजेत. पण रोज पहाटे टेकडी चढणाऱ्या माणसाला तिथे जे मिळते आणि पुढे आजारपणात जे त्याच्या कामी येणार असते, ते बोलून दाखवायला आपण लाजतो. त्याला भावनिक, हौशी, खात्यापित्या घरातल्यांची चैन म्हटले जाते. हा आरोप उलटा आहे. ज्याच्याजवळ पैसा आहे तो विमानाने सरोवर गाठतो, घाटमाथ्यावर दुसरे घर बांधतो. जवळची टेकडी गेली तर वंचित होतो तो दोन खोल्यांत राहणारा, आठवड्याची एकच सुट्टी असलेला माणूस आणि त्याची मुले. सार्वजनिक सुनावणीत हरकत नोंदवताना हे नुकसान शब्दात लिहिले पाहिजे, आणि ज्या मुलांना आपण डॅफोडिलची कविता पाठ करायला लावतो त्यांना वर्षातून एका सहलीऐवजी शाळेजवळच्या एकाच ओढ्यावर किंवा माळावर ऋतूऋतूला पुन्हापुन्हा नेले पाहिजे.